पुढच्या पायाच्या मागे

मी सतरा वर्षांचा असताना एका हरणाच्या पोटात गोळी घातली आणि छातीत घातली असं सांगितलं. हे आजवर मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही, आणि बाबांना तर त्यांनी दोनदा विचारूनही नाही. वाचणाऱ्याला वाटेल, एवढंच ना? टेक्सासात दर हिवाळ्यात इतकी हरणं मारली जातात, त्यातलं एक. मलाही ते तसंच वाटावं म्हणून मी बरीच वर्षं प्रयत्न केला. पण हरणाची छाती आणि पोट यांच्यात हातभर अंतर असतं, आणि त्या हातभर अंतरात एका भल्या माणसाची उभ्या आयुष्यात कमावलेली अब्रू गेली. हे मला त्या दिवसापासून माहीत आहे. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी ते लिहून काढतो आहे, कारण बोलून दाखवणं मला काही जमलेलं नाही.

बाबा सर्जन होते. नागपूरहून निघून, मधे दोन-तीन शहरं करून, ते सॅन अँटोनियोच्या पश्चिमेला दोन तासांवरच्या एका लहान गावात स्थिरावले, कारण त्या गावाला सर्जन हवा होता आणि तिथे यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. गावात आमचं एकच भारतीय घर. सगळ्यात जवळचं मराठी माणूस म्हणजे सॅन अँटोनियोतले खानझोडे काका, तेही नागपूरचेच. दवाखान्यात येणारे पेशंट मेंढ्या पाळणारे, ट्रक चालवणारे, शाळेत शिकवणारे, आणि नोव्हेंबर लागला की त्या सगळ्यांना बोलायला एकच विषय असे. कोणी कुठे हरीण पाहिलं, कोणाला केवढ्या शिंगांचा नर मिळाला. एरवीचा विषय फुटबॉल, तो बाबांना कधी कळला नाही. “पेशंटशी बोलायला काहीतरी पाहिजे ना,” असं म्हणून ते शनिवारी सकाळी टीव्हीवरचे शिकारीचे कार्यक्रम बघायला लागले, आणि आठवड्याभरात त्यांच्या लक्षात आलं की हा तर आपलाच विषय आहे.

आमच्या शनिवार सकाळींचा आवाज अजून माझ्या कानात आहे. स्वयंपाकघरात पोहे परतल्याचा चरचराट, हरभऱ्याच्या तर्रीला आलेली उकळी, कुकरची शिट्टी, आणि बैठकीच्या खोलीतून टीव्हीतली कुजबुज. शिकारीच्या कार्यक्रमात सगळे कुजबुजतच बोलतात. मग एक बार, आणि त्यानंतर निवेदकाचा आनंदाने फुटलेला आवाज. आम्ही ते व्हीसीआरवर टेप करत असू, कारण बाबांना मागेपुढे करून बघायचं असे. बार झाला की ते टेप थांबवायचे, हातात चमचा तसाच धरून टीव्हीजवळ जायचे आणि चमच्याच्या टोकाने काचेवर दाखवायचे.

“पाह्य, पाह्य. हा म्हणून राहिला परफेक्ट. कुठचं परफेक्ट? पाठ कमानीसारखी झाली, शेपूट खाली दाबली, पावलं बारीक टाकून राहिला तो. हे आतड्यात आहे.”

“सकाळी सकाळी आतडी नका काढू हो,” आई आतून म्हणायची. “पोहे खाऊन राहिलो आपण.”

“मी नाही काढली. त्याने काढली.”

त्यांनी मला शिकवलं ते असं. गोळी पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात लागली की फुप्फुसं जातात आणि हरीण शंभर पावलांत पडतं. त्याला फार वेळ कळतही नाही. हातभर मागे लागली की ते मरतं, नक्की मरतं, पण आठ तासांनी, दहा तासांनी. आणि तेवढा वेळ त्याला कोणी उठवलं नाही तरच ते जवळपास एका जागी बसून मरतं. लगेच मागे गेलात तर ते उठतं, चालत राहतं आणि कुठेतरी लांब, बहुधा पाण्याशी जाऊन, कोणाच्या नजरेला न पडता संपतं. बाबा म्हणायचे, ह्या टीव्हीवाल्यांपैकी निम्म्यांना नेम धरता येत नाही, आणि ज्यांना येतो त्यांना थांबता येत नाही.

त्यांनी एक खूण शोधून काढली होती. नेम चांगला लागला असेल तर कार्यक्रमात तो बार तीन-तीनदा, हळू करून दाखवतात. नसेल लागला तर दाखवत नाहीत. जाहिरात येते, आणि जाहिरातीनंतर एकदम मेलेल्या हरणाशेजारी गुडघे टेकून बसलेला, हसणारा शिकारी. “रीप्ले नाही ना? म्हणजे घोळ आहे,” बाबा म्हणायचे. बाराव्या वर्षापर्यंत माझी नजर इतकी तयार झाली की टेप थांबवायच्या आत मी ओरडायचो, “पोट.” बाबा खूश व्हायचे.

“मरायला किती वेळ?”

“आठ तास.”

“आणि हा किती वेळात शोधायला निघाला?”

“जाहिरात संपल्यावर.”

यावर आम्ही दोघं पोटभर हसायचो. आता ते आठवलं की वाटतं, आम्ही हसत होतो ते नक्की कशाला. त्या हरणाला नव्हे, एवढं खरं. त्या माणसांना. टोपीतल्या, दाढीतल्या, मोठमोठ्या गाड्यांतल्या त्या माणसांना एक साधी गोष्ट नीट करता येत नाही, आणि आम्ही, ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात घेतलेली नाही, सोफ्यावर बसून त्यांच्या चुका काढतो, याचं आम्हाला सुख होतं. गावात सगळीकडे आम्ही जरा अंग चोरूनच वागत असू. शनिवारी सकाळी तेवढे दोन तास आम्ही त्यांचे परीक्षक असायचो.

पेशंट हरणाचं मटण आणून देत, कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून. आई त्याला खोबरं-खसखस भाजून, भरपूर मसाला घालून सावजी रस्सा करायची. ते हरीण कसं मेलं हे तिने देणाऱ्याला कधी विचारलं नाही. बाबा मात्र विचारायचे, आणि पेशंट हौसेने सांगायचे.

मी सोळाचा असताना आम्ही बघायचो त्याच कार्यक्रमांपैकी एकाचा निवेदक, स्कॉट, आमच्या भागात चित्रीकरण करत होता आणि त्याचं अपेंडिक्स फुटलं. बाबांनी ऑपरेशन केलं. तो जगला, आणि पुढच्या हंगामात फुलं आणि व्हिस्की घेऊन घरी आला. सोफ्यावर बसला, तोच सोफा. आईने दिलेला चिवडा मुठीने खाल्ला. म्हणाला, “डॉक, तुमच्या मुलाला घेऊन या. त्याचं पहिलं हरीण माझ्या कार्यक्रमात.” बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर असा आनंद मी माझ्या कुठल्याच मार्कशीटच्या वेळी पाहिला नव्हता. स्कॉट गेल्यावर ते आईला म्हणाले, “एकदा यांना दाखवून देऊ, नेम म्हणजे काय असतो ते.” आई म्हणाली, “तुम्ही दाखवा. पोराला कशाला पाठवता?” पण तिने अडवलं नाही.

गावाजवळच्या ज्या रँचवर चित्रीकरण व्हायचं होतं, तिथे मला शिकवायला मिस्टर वेंडल होते. आमच्या भागात मोठ्या माणसाला पहिल्या नावाआधी मिस्टर लावून हाक मारतात, तेच तिथलं काका. पन्नाशीचे, शिडशिडीत, उन्हाने रापलेले, फार कमी बोलणारे. रँचचे पाहुणे सांभाळणं हे त्यांचं काम, पण त्यांची ख्याती वेगळी होती. कोणाचं जखमी हरीण हरवलं की आसपासच्या तीन काउंट्यांतून, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांतून, लोक त्यांच्या घरी फोन करायचे. ते यायचे, जमिनीवर बसायचे, रक्ताचा एखादा थेंब, मोडलेली काडी, केसांचा पुंजका पाहायचे आणि हळूहळू चालत जाऊन हरणाशी पोचायचे. त्याबद्दल ते काही घेत नसत. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, “जनावर कुठेतरी पडलेलं असतं. कोणीतरी जायला हवं.”

तीन रविवार त्यांनी मला कागदी ताटांवर नेम धरायला शिकवला. चौथ्या रविवारी माझ्या दहातल्या नऊ गोळ्या ताटात होत्या. ते खूश झाले असावेत, कारण त्यांनी मला स्वतःच्या थर्मासमधली कॉफी दिली. मग म्हणाले, “बार झाल्यावर तुझ्या मनात काय होतं ते मला सांगू नकोस. डोळ्यांना काय दिसलं ते सांग. बाकी सगळं मी त्यावरून ठरवतो.” मी म्हटलं, “येस सर.” मला वाटलं, हे तर मला येतंच. बाराव्या वर्षापासून येतं.

शिकारीच्या दिवशी सकाळी थंडी होती. मचाण म्हणजे चार खांबांवरची लाकडी खोली, तीन बाजूंना खिडक्या. आत मी, स्कॉट आणि कॅमेरावाला. बाबा आणि मिस्टर वेंडल अर्ध्या मैलावर पिकअपमध्ये बसले होते. सात वाजता मक्याचा फीडर घरघरला आणि दाणे जमिनीवर उडाले. थोड्या वेळाने माद्या आल्या, मग त्यांच्या मागून तो. मान फुगलेली, शिंगं फिकट. तो उभा राहीना. दोन पावलं टाकायचा, थांबायचा, परत चालायचा. स्कॉट माझ्या कानाशी कुजबुजत होता, अगदी टीव्हीवर कुजबुजतात तसं. कॅमेरावाला म्हणाला, “आला फ्रेममध्ये. घे आता.” मला थांबायला हवं होतं. ते हरीण कुठेही जात नव्हतं. पण माझ्या डोक्यात बंदुकीच्या दुर्बिणीतलं हरीण नव्हतंच, तो टीव्ही होता, आणि त्याच्यासमोर चमचा घेऊन उभे असलेले बाबा होते. मी चाप ओढला, आणि त्याच क्षणी त्याने पाऊल पुढे टाकलं.

मी पाहिलं. अगदी स्वच्छ पाहिलं. त्याची पाठ कमानीसारखी वर आली. शेपूट खाली दाबली गेली. बारीक बारीक पावलं टाकत, जणू पोटात कळ आलेला माणूस जातो तसा, तो झुडपांत गेला. टीव्हीवर असतं तर टेप थांबवायच्या आत मी ओरडलो असतो.

स्कॉटने माझ्या पाठीवर थाप मारली. “जागेवर खलास, लिटल डॉक.” कॅमेरावाल्याने कॅमेऱ्यातून डोळा काढला आणि स्कॉटकडे पाहिलं. त्या दोघांनी काय पाहिलं ते त्यांचं त्यांना माहीत. मी पुढे बरीच वर्षं त्यांच्यामागे लपलो. पण विचारलं गेलं ते मला.

पिकअप आली. मिस्टर वेंडल उतरले, स्कॉटकडे बघितलंही नाही. टीव्हीवाल्यांची उत्तरं त्यांना सवयीची होती. ते सरळ माझ्याकडे आले. “काय दिसलं?”

कॅमेरा चालू होता. मी म्हटलं, “पुढच्या पायाच्या मागे. खाली. तो खाली वाकला आणि सुसाट पळाला.”

छातीत लागलेलं हरीण असंच पळतं. मी केवळ जागा खोटी सांगितली नाही, तर लक्षणंही सांगितली. इतकं नीट खोटं सांगता येण्याइतकं ज्ञान त्या रँचवर दुसऱ्या कुठल्याच पोराकडे नसतं.

बाबा जवळ आले आणि मराठीत म्हणाले, “कुठे लागली रे बाबू?”

“छातीत, बाबा. फुप्फुसं दोन्ही.”

“वा,” एवढंच म्हणाले. मग माझा खांदा थोपटला.

मिस्टर वेंडल हरीण उभं होतं तिथे जाऊन बसले. बराच वेळ बसले. रक्त जवळजवळ नव्हतंच. त्यांनी केसांचा एक पुंजका उचलला, बोटांत फिरवला, उजेडाकडे धरला. म्हणाले, “हे केस छातीवरचे नाहीत. मला आवडत नाही हे. दुपारपर्यंत थांबू. तीन-चारपर्यंत.”

स्कॉट म्हणाला, “वेंडल, दुपारी आम्हाला पुढच्या रँचवर पोचायचंय. पोराने स्वतः पाहिलंय. फुप्फुसांत लागलेलं हरीण शंभर यार्डांवर पडलेलं असणार.”

मिस्टर वेंडल माझ्याकडे बघून म्हणाले, “नक्की?”

मी मान हलवली. आणि बाबा मधे बोलले. एरवी ते कधी कोणाच्या कामात बोलत नसत. म्हणाले, “मिस्टर वेंडल, ह्या बाबतीत याची नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. हा चुकणार नाही.”

मिस्टर वेंडलनी केस खिशात ठेवले. “डॉक म्हणतात तर चला.”

आम्ही निघालो. बार होऊन अर्धा तासही झाला नव्हता. शंभर यार्ड गेलो, काही नाही. दोनशे. रक्ताचे काळपट थेंब, फार लांब लांब. मग पुढच्या सीडरच्या झाडांच्या गर्दीत काहीतरी धडपडत उठलं आणि फांद्या मोडत गेलं. मिस्टर वेंडल जागीच थांबले. “तोच होता.” स्कॉट हसला. “छातीत गोळी घेऊन उठून पळतो होय? दुसरं असेल.” मिस्टर वेंडलना ते मानावं लागलं, कारण छातीत गोळी घेऊन खरंच कोणी उठत नाही. जागा बघायला पुढे गेलो तर गवत दबलेलं होतं, अजून उबदार. मी त्यावर हात ठेवला. तो माझा नेम होता, माझंच हरीण होतं, ते तिथे शांतपणे मरत होतं आणि मी त्याला उठवलं होतं. तेव्हाही बोलता आलं असतं. अजून थांबता आलं असतं. मी हात पॅंटला पुसला.

अकराच्या सुमारास माग कुंपणाशी पोचला आणि पलीकडे दुसऱ्याच्या जमिनीत गेला. मालक गावाला गेला होता, परवानगी मिळेना. स्कॉटने घड्याळ बघितलं. परत येताना तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “दोन्ही फुप्फुसं गेलेलं हरीण, आणि वेंडलना सापडत नाही. वय होतंय, मित्रा.” सगळे थोडं थोडं हसले. त्या वेळी मला कळलं की मी काय केलं आहे. पोटात लागलेलं हरीण हरवलं तर दोष गोळी मारणाऱ्याचा. छातीत लागलेलं हरवलं तर दोष माग काढणाऱ्याचा.

त्याच रँचच्या कोल्ड रूममध्ये आदल्या दिवशी दुसऱ्या एका पाहुण्याने मारलेलं हरीण टांगलेलं होतं. स्कॉटच्या माणसांनी ते बाहेर आणलं, गवतावर नीट ठेवलं, जीभ आत घातली, आणि मला त्याच्याशेजारी गुडघे टेकायला सांगितलं. बाबा तेव्हा गाडीतून हॉस्पिटलला फोन लावत होते. मी गुडघे टेकले. मिस्टर वेंडलना फ्रेममध्ये यायला सांगितलं तर ते म्हणाले, “हे त्याचं हरीण नाही,” आणि आपल्या ट्रककडे चालते झाले.

चौथ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्या घरी आले. दाराशीच उभे राहिले, हॅट हातात. आईने चहा दिला तो उभ्याउभ्याच घेतला. म्हणाले, शेजारच्या मालकाची परवानगी मिळवून ते रोज कामानंतर शोधत होते. आज गिधाडं दिसली. तळ्याच्या काठाशी, पाण्यात तोंड घालून पडलेलं. कोल्ह्यांनी मधलं काही ठेवलं नव्हतं, त्यामुळे जखम दिसली नाही. “डॉक, तुमच्या मुलाने आपलं काम चोख केलं होतं. मी हरवलं ते. मला माफ करा.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “सॉरी, सन.”

मी म्हटलं, “इट्स ओके, मिस्टर वेंडल.”

म्हणजे मी त्यांना माफ केलं. ह्या सगळ्यात मला सगळ्यात जास्त काय बोचतं असं कोणी विचारलं, तर हे.

कार्यक्रम दाखवला त्या शनिवारी आईने खानझोडे काका-काकूंना आणि सॅन अँटोनियोच्या आणखी दोन घरांना जेवायला बोलावलं होतं. वडे, रस्सा, मसालेभात, खानझोडे काकूंनी आणलेली संत्र्याची बर्फी. मी टीव्हीवर दिसलो तसा सगळ्यांनी गलका केला. फीडर, माद्या, तो नर. बार. आणि लगेच जाहिरात. जाहिरातीनंतर मी, गुडघे टेकून, दोन्ही हातांनी शिंगं धरून, हसत. निवेदनात स्कॉट म्हणत होता की इतकं नेमकं पहिलं हरीण त्याने पाहिलेलं नाही. खानझोडे काका टाळ्या वाजवत म्हणाले, “काय बे, डॉक्टर, पोरगं तं शिकारी निघालं.” सगळे हसले. बाबा हसले नाहीत. ते टीव्हीकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे. रीप्ले दाखवला नव्हता.

पाहुणे गेल्यावर ते टेप घेऊन बसले. मागे, पुढे, परत मागे. हातात काही नव्हतं, आणि उठून काचेजवळही गेले नाहीत. ज्या हरणाशेजारी मी बसलो होतो त्याच्या शिंगांना डाव्या बाजूला एक फाटा जास्त होता, आणि गोळीचं भोक मानेत होतं. मी दाराशी उभा होतो. त्यांनी टीव्ही बंद केला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “कुठे लागली होती?”

ते मला वाट देत होते. हे तेव्हाही मला कळत होतं. आई स्वयंपाकघरात भांडी लावत होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, कॅमेरा नव्हता.

“सांगितलं ना, बाबा. छातीत.”

“बरं,” ते म्हणाले.

पुढच्या शनिवारी त्यांनी टीव्ही लावला नाही. वर्तमानपत्र वाचत पोहे खाल्ले. त्यानंतर आम्ही तो कार्यक्रम किंवा तसला कुठलाच कार्यक्रम पुन्हा एकत्र पाहिला नाही, आणि का पाहत नाही हे दोघांपैकी कोणी म्हटलं नाही. आमच्या घरात मोठी गोष्ट अशीच मिटायची, कोणी बोलायचं बंद करून. मी त्याला बरेच दिवस समजूतदारपणा म्हणत असे.

रँचने पुढच्या हंगामात मिस्टर वेंडलना बोलावलं नाही. स्कॉटने तो किस्सा बऱ्याच ठिकाणी रंगवून सांगितला होता: डॉक्टरच्या पोराने छाती फोडली आणि म्हाताऱ्याला हरीण दोनशे यार्डांत सापडलं नाही. लोकांचे फोनही हळूहळू थांबले. मी कॉलेजातून सुट्टीला आलो तेव्हा ते खाद्याच्या दुकानात पोती गाडीत चढवून देत होते. त्यांनी मला हात केला. मीही केला, आणि घाई असल्यासारखा निघालो.

मी आता फ्रिस्कोत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, आई आमच्याकडे असते. शिकारीचे कार्यक्रम अजून चालतात. डेंटिस्टकडे, टायरच्या दुकानात, भिंतीवरच्या टीव्हीवर आवाज बंद करून लावलेले असतात. मी मासिक उघडून बसतो, तरी बार झाला की नजर वर जातेच, आणि कुठे लागली ते मला दिसतंच. अजूनही निम्मे चुकतात. अजूनही थांबत नाहीत. मला आता त्यांचं हसू येत नाही.

बाबा सहा वर्षांपूर्वी गेले. अंत्यविधीला अर्धं गाव आलं होतं, त्यात मिस्टर वेंडलही होते, ढगळ झालेल्या सुटात. रांग पुढे सरकून ते माझ्यासमोर आले. माझा हात धरून ठेवून म्हणाले, “मी हरीण हरवलं, ते तुझ्या वडिलांनी कधी मनात ठेवलं नाही. माझ्या पायाची जखम भरत नाही, तिची पट्टी शेवटपर्यंत स्वतः बदलायचे.” मग जणू कालचीच गोष्ट असावी तसं म्हणाले, “मी अजून विचार करतो त्या हरणाचा. ते केस. आणि ते पाण्याकडे गेलं. छातीत लागलेलं हरीण पाण्याकडे कशाला जाईल? दुसरा कुठला दिवस असता तर मी थांबलो असतो. पण तू पाहिलं होतंस, मी नव्हतं पाहिलं. त्यानंतर मला माझ्या डोळ्यांचा भरवसा राहिला नाही, सन. लोकांनी फोन केले असते तरी मी गेलो नसतो.”

माझ्यामागे आई उभी होती, मिस्टर वेंडलच्या मागे रांग होती. दोन वाक्यांचं काम होतं. मी म्हटलं, “आलात, बरं वाटलं,” आणि पुढच्या माणसाकडे हात केला.

ते आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्याच गावात मुलीकडे राहतात. माझ्या घरापासून गाडीने सहा तास. ऐकू कमी येतं असं मुलगी आईला फोनवर सांगते, पण डोकं स्वच्छ आहे. हे सगळं मी मराठीत लिहिलं आहे, म्हणजे त्यांना वाचता येणार नाही अशा भाषेत, आणि हेही मला कळतं आहे. त्यांना मी एवढं देणं लागतो: त्यांच्यासमोर बसून, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, इंग्रजीत सांगायचं की गोळी पोटात लागली होती, मी ते पाहिलं होतं, मी खोटं बोललो, आणि थांबू या असं तुम्ही म्हणालात ते बरोबर होतं. ते मी अजून सांगितलेलं नाही.